मोरावळ्याची मुकी बरणी

“मग माझी दीक्षा कधी, ते तरी सांगा!”

पुष्करने मोरावळ्याची बरणी अंतूबुवांच्या पुढ्यात दाणकन ठेवली. फुटली असती तर काचा मलाच वेचाव्या लागल्या असत्या.

मी हिराबाई. अंतूबुवांच्या सोनदरीच्या मठात चूल माझ्याकडे. आवारात आवळ्याची झाडं आहेत. त्यांचा मोरावळा घालायचा आणि दारी येईल त्याच्या हातावर चमचाभर ठेवायचा, अशी आमची रीत. आता तो शहरातल्या मोठ्या दुकानात जाणार होता. ही हौस पुष्करची. तो आधी कुठल्याशा कंपनीत बाटल्यांवरची, खोक्यांवरची लेबलं करायचा. नोकरी सोडून मठात आला आणि दीक्षा मागत राहिला. बुवा देतही नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. पोराचा जीव टांगणीला लागला होता, मला दिसत होतं ते.

त्यात त्या दिवशी दुकानाने सगळी खोकी परत पाठवली. बरणीवरचा बारकोड त्यांच्या मशीनला वाचता येईना.

“दीक्षेचं विचारतोय मी,” पुष्कर म्हणाला.

बुवा पानाला चुना लावत होते.

“ही बरणी बोलली की देतो.”

“बरणी बोलली की?”

“तूच म्हणालास ना, दुकानात गेली की आपण कोण ते स्वतःच सांगते म्हणून?”

पुष्करने मोबाइल काढला. त्यात बारकोड वाचायचं ॲप होतं. कॅमेरा बरणीवर धरला. जवळ नेला, लांब नेला. बरणी उन्हात नेली, सावलीत आणली. मोबाइलच्या काचेवर एक लाल रेघ नुसती थरथरत राहिली...

“हा मोबाइलच भिकार आहे!”

मी आतून बिस्किटांचा पुडा आणून मोबाइलपुढे धरला. मोबाइल लगेच ‘टीं’ वाजला आणि काचेवर आकडे उमटले.

“चांगला आहे की,” मी म्हटलं.

त्याने माझ्यावर डोळे वटारले. वटार म्हटलं, मला काय!

“मला एक सांग,” बुवा म्हणाले. “या रेघांत मोरावळा असं लिहिलंय?”

“नाही हो. रेघांत फक्त एक आकडा असतो. काळी रेघ उजेड गिळते, मधली पांढरी जागा उजेड परत पाठवते. काय जाड, काय बारीक, यावरून मोबाइल आकडा ओळखतो. तो आकडा मोरावळ्याचा की साबणाचा, ते दुकानाच्या कॉम्प्युटरला ठाऊक.”

“आणि रेघा कुठे सुरू झाल्या, कुठे संपल्या, ते कसं कळतं त्याला?”

“त्यासाठी दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडायची असते. तिथे काही म्हणजे काही छापायचं नस...”

पुष्कर थांबला.

“सोडलीस?”

“... जागा पुरली नाही.”

“का बरं?”

पुष्करने लेबलावर तळवा ठेवला. मला वाचता येतं, म्हणून मीच सांगते. रेघांच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून, छापलं होतं: ‘संकल्पना आणि मांडणी – पुष्कर’. उजव्या अंगाला, तितकाच खेटून, बुवांचा फोटो.

बुवांनी चुन्याची डबी पुढे सरकवली.

पुष्कर हुशार, लगेच समजला. बोटावर चुना घेतला आणि आपलं नाव सारवून टाकलं. तेसुद्धा कसं, तर आम्ही दोघं बघतोय ना, याची खात्री करत करत.

“गेलं माझं नाव. मला त्याचं काहीच वाटत नाही.”

वाटत नाही म्हणे! मग छापलं कशाला होतंस, बाबा?

त्याने पुन्हा मोबाइल धरला.

... काही नाही.

“दुसरी बाजू,” बुवा म्हणाले.

“तिथे तुम्ही आहात!”

“कुणी बसवलं?”

“मी बसवलं. लोक तुमचं तोंड बघून बरणी घेतील.”

“आणि खातील काय?”

“बुवा, चेष्टा पुरे. तुमच्या तोंडाला मी चुना फासणार नाही.”

“मग बरणी मुकी राहील.”

“राहू दे.”

“दीक्षाही राहील.”

“राहू दे!” पुष्कर ओरडला. बुवांसमोर इतक्या वर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. “गुरूला पुसून मिळायची असेल, तर नको मला तुमची दीक्षा! तुमची तुम्हालाच लखलाभ!”

खरं सांगते, त्या घडीला तो मला पहिल्यांदा आवडला. माझ्या चुलीमागच्या भिंतीवरही बुवांचा फोटो आहे. रोज पहिली भाकरी मी त्याला दाखवते. मग माझाही हात कसा धजावेल?

“हे काही बरं नाही, बुवा,” मी म्हटलं. “माझ्या हातूनसुद्धा झालं नसतं.”

“तुला कुठे दीक्षा हवीय, हिराबाई?”

ते मात्र खरं होतं.

पुष्करने खुंटीवरची पिशवी काढली. चपला पायात अडकवल्या. डोळे भरले होते, पण मान ताठ.

“थांब,” बुवा म्हणाले. “तुझ्या गुरूंना घेऊन जा.”

आणि त्यांनी बरणी पुढे केली.

पुष्कर वळला. त्याने बरणीवरचे बुवा पाहिले, मग बसलेले बुवा पाहिले. बरणीवरच्या बुवांची दाढी काळीभोर होती, नाकाशेजारचा मोठा तीळ नव्हता आणि डोक्यामागे सूर्य उगवला होता. बसलेले बुवा पान चघळत होते. हनुवटीवर लाल ओघळ आला होता आणि तीळ जिथल्या तिथे होता.

“किती खपून केलाय हा फोटो...” पुष्कर पुटपुटला.

“छान झालाय. सांभाळून ने, फुटायचा.”

“आणि तुम्ही?”

“मी इथेच आहे. मला भूक लागलीय.”

“म्हणजे तुम्ही मला हाकलताय!”

“मी कशाला हाकलू? ज्याच्याकडे आला होतास, त्याच्याबरोबर जा.”

पुष्करचा चेहरा लालबुंद झाला. त्याने पिशवी भिरकावली. बुवांच्या हातातून बरणी हिसकावली. डबीत दोन बोटं खुपसली.

“पुसूच का? पुसूच का मी? हे घ्या! हे घ्या मग!”

दाढी गेली. तोंड गेलं. सूर्य गेला. चुना उडून माझ्या लुगड्यावर आला, तरी मी हलले नाही. तो रडत होता आणि पुसत होता, पुसत होता आणि बुवांकडे रागाने बघत होता. माझ्याच्याने बघवेना. बुवा मात्र सगळं बघत बसले होते.

त्याने मोबाइल बरणीसमोर धरला...

टीं.

काचेवर आकडे उमटले.

चुलीवर माझं वरण उतू जात होतं. त्याचा वास आला, तरी मी उठले नाही.

“बोलली,” पुष्कर म्हणाला. नाक वाहत होतं, ते त्याने बाहीला पुसलं. राग तसूभर उतरला नव्हता. “बोलली तुमची बरणी! माझं नाव गेलं. तुम्हीही गेलात. आता काय राहिलं? सांगा ना, आता आणखी काय राहिलं?”

बुवांनी बरणी घेतली. डोळ्यांजवळ नेली. उजेडाकडे वळवली, बारकाईने बघितली...

“एक कान राहिलाय.”