साळुंकीची विसरायची खोड

फार मागं, जनावरं एकमेकांना विचारून पाऊल टाकत, तेव्हाची ही गोष्ट.

रानाची सगळी खबर डोंगरावरच्या हत्तीणआजीला असे, पण चढ दमवणारा. म्हणून पायथ्याच्या जांभळीवर एक साळुंकी बसायची. कुणी ‘आवळे’ म्हटलं की ती आवळ्याची जागा सांगायची, ‘मध’ म्हटलं की मधाची. ठाऊक नसलं तर आजीला विचारून यायची आणि मग दिवसभर तेच सगळ्यांना सांगायची. खोड एकच, झोपली की सगळं विसरायची.

शेजारचा पोपट हसायचा. “काय साळुंकीबाई, कालचं आज गेलं का? मी एकदा ऐकलेलं जन्मात विसरत नाही!”

बिचारी ओशाळायची.

एकदा भर उन्हाळ्यात सकाळीच भेकरी आली. तिचं पाडस तहानेनं लटपटत होतं. “पाणी कुठं मिळेल गं?”

“ओढ्यापल्याडच्या डोहात!” पोपट लगेच बोलला.

“ताई, मला आठवत नाही,” साळुंकी म्हणाली. “जरा थांब, आजीला विचारते.”

ती धापा टाकत परतली. “डोह कालच आटला. इथं करवंदीच्या जाळीमागं झरा आहे.”

पाडस पोटभर प्यालं. डोहापर्यंत जाऊन रिकामं परतायला त्याच्यात जीवच नव्हता. भेकरी जांभळीखाली येऊन म्हणाली, “बाई, तू विसरलीस म्हणून माझं लेकरू वाचलं.”



पोपट हळूच साळुंकीजवळ सरकला. “साळुंकीबाई, उद्या आजीकडे निघालीस की मलाही हाक मार.”