हवेत उघडणारे दार

एकदा एका व्यापाऱ्याने एका वृद्ध स्थपतीला आपला बंगला पाहायला बोलावले. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत व्यापाऱ्याच्या आजोबांनी तो हौसेने बांधला होता. आता चुलतभाऊ म्हणत होते, पाडून टाकू आणि बहुमजली इमारत उभी करू. नगराच्या वारसा-सूचीत नाव लागले तरच घर वाचणार होते, आणि सूची करणारी समिती या वृद्धाचा शब्द मानत असे.

वृद्धाने मापे घेऊन नकाशा काढायला आधी आपल्या शिष्याला पाठवले. व्यापाऱ्याने त्याला घर मोठ्या प्रेमाने दाखवले. अर्धगोल व्हरांडा, नक्षीच्या लाद्या, उभ्याने स्वयंपाक करता येईल असा ओटा, मुलींच्या अभ्यासाची स्वतंत्र खोली. त्या ओट्यापायी आणि त्या खोलीपायी आजोबांनी भावकीची बोलणी खाल्ली होती, हे सांगताना त्याचा ऊर भरून आला. मग तो शिष्याला घराच्या मागे घेऊन गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एवढं मात्र नकाशात नको. उद्या दुपारी माणूस येतोय, कापून टाकतो. शोभत नाही हो."

मागच्या भिंतीला लगटून एक लोखंडी गोल जिना वर गेला होता, थेट माडीवरच्या संडासाच्या दाराशी. सफाई करणाऱ्या बाईचा पाय घरात पडू नये म्हणून तो केलेला होता. शिष्याने मान डोलावली, आणि जरा घाईनेच डोलावली. त्याची आजी जन्मभर अशाच जिन्यांवरून चढली-उतरली होती. ही गोष्ट त्याने गुरूंनाही कधी सांगितली नव्हती. सांगितली तर लोकांची आपल्याकडे पाहण्याची नजर बदलेल, ही भीती त्याच्या मनात ठाण मांडून बसली होती. जिना वगळून टाकला तेव्हा त्याला हायसे वाटले.

नकाशा सुबक उतरला. गुरूंनी तो बराच वेळ न्याहाळला आणि गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी सहकुटुंब पोर्चमध्ये उभा होता. हार तयार, चहा तयार. गुरू फाटकातून आत आले, त्यांनी सगळ्यांना हात जोडले, आणि पायऱ्या न चढता घराला वळसा घालून ते मागे गेले. सत्तरी उलटलेला तो माणूस धोतराचा सोगा हातात धरून त्या गंजक्या जिन्याने वर चढू लागला. "गुरुजी, पडाल!" म्हणत शिष्य मागोमाग धावला. व्यापारी घरातून माडीवर पळाला. त्या दाराची कडी कित्येक वर्षांत कोणी काढली नव्हती. ती ठोकून काढेपर्यंत गुरू बाहेर उन्हात उभे राहिले.

दार उघडले, तरी ते आत आले नाहीत. म्हणाले, "नकाशात हे दार आहे, पण जिना नाही. मला प्रश्न पडला, दार हवेत उघडतं, तर इथून येत कोण असेल? कावळे?"

व्यापारी कसाबसा म्हणाला, "गुरुजी, लोक आजोबांना नावं ठेवतील."

"ठेवतील थोडी. शेठजी, तुमच्या आजोबांनी बायकांना चुलीपुढून उठवलं, मुलींना खोली दिली. मोठं काम केलं. आणि त्याच कागदावर, त्याच पेन्सिलीनं हा जिना काढला. त्या भल्या माणसाला कुठवर दिसलं आणि कुठे दिसेनासं झालं, ते हे घर सांगतं. म्हणून ते राखायचं. सुंदर व्हरांडे गावात पुष्कळ आहेत. जिना कापलात, तर तुमची लाज झाकली जाईल, पण इथून चढलेली माणसं कधी नव्हतीच, असं होईल. एकदा त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं. आता नकाशाबाहेरही ठेवायचं?"

शिष्य दोन पायऱ्या खाली कठडा धरून उभा होता.

"गुरुजी, जिना वगळायला शेठजींनी सांगितलं हे खरं. पण मलाच तो जिना नको होता. माझी आजी हेच काम करायची. मला तिची लाज वाटत आली."

मग व्यापाऱ्याने हळूच विचारले, "नाव काय त्यांचं?"

"जमनाबाई."

व्यापारी मान खाली घालून उभा राहिला. "आमच्याकडे एक बाई यायच्या. मी शाळेत होतो तोवर रोज यायच्या. त्यांचं नाव काय होतं, कोण जाणे. आम्ही कोणी विचारलंच नाही."

जिना कापायला आलेला माणूस दुपारी तसाच परत गेला. संध्याकाळी शिष्याने नकाशा पुन्हा काढला. दिवाणखाना, ओटा, मुलींची खोली, सगळ्यांची नावे लिहून झाल्यावर तो जिन्यापाशी थांबला, आणि मग त्याने स्वच्छ अक्षरात लिहिले, 'इथून वर येणाऱ्या बाईंचे नाव या घरात कोणालाही ठाऊक नाही.'

गुरूंनी त्या ओळीखाली सही केली.