दुर्पदीचं एकोणचाळिसावं पेर

फार वर्षांपूर्वी खारवळी गावात दुर्पदी नावाची एक बाई राहत होती. किती वर्षांपूर्वी ते विचारू नका, कारण खारवळीत प्रत्येक घर वेगळा आकडा सांगतं आणि आपलाच खरा म्हणून भांडतं. खारवळी खाडीच्या काठावर आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि दोन्हींच्या मधे मातीचा एक लांबलचक बांध. भरतीला खाडीचं पाणी शेतांपेक्षा वर चढतं. बांध आहे म्हणून भात आहे. तो फुटला की शेतात खारं पाणी शिरतं आणि वर्षानुवर्षं तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही.

उसाला असतात तशी या बांधालाही पेरं आहेत, असं लोक मानायचे. पेरं एकोणचाळीस आणि गावात घरंही एकोणचाळीस. हा योगायोग, की मागाहून कुणी जुळवून घेतलं, ते देव जाणे. प्रत्येक पेराची तऱ्हा मात्र निराळी. एकाच्या पोटात पेंढा आणि चिखल, तिथे दगड टाकला की तो दगडच बांध फोडतो. एकाच्या खालून खाडीची जुनी वाट जाते. एकावरच्या तिवराला कोयता लावायचा नाही, कारण तिथली माती त्या झाडाच्या मुळांनीच धरून ठेवलेली. हे सगळं गावात बांधाच्या एकट्या राखणदाराला माहीत असायचं, आणि तो ते आयुष्यात एकदाच सांगायचा, मरताना, मुलाच्या कानात. सगळ्यांना कळलं तर राखणदाराला विचारणार कोण? गावालाही ते सोयीचंच होतं. एकाने जागायचं, बाकीच्यांनी घोरायचं.

दुर्पदीचा नवरा घनू हा तेव्हाचा राखणदार. त्याच्या बापाने त्याच्या कानात सगळं सांगितलं होतं. घनूला मूल नव्हतं आणि मरायची घाईही नव्हती. पण एका दुपारी तो माडावरून पडला. दुर्पदी धावत पोचली तेव्हा त्याचे ओठ हलत होते. तिने कान लावला. आवाज नव्हता.

त्याच सालच्या उधाणाला बांध फुटला. लोकांनी दिसेल तो दगड उचलून भगदाडात टाकला आणि दगडांनी भगदाड आणखी मोठं केलं. मग कंद आणि कुर्ल्या-खेकडे खाऊन गावाने दिवस काढले.

दुर्पदीला घरात बसवेना. नवऱ्याच्या ओठांवर राहिलेलं ते काय होतं, हे शोधायला ती बांधावर गेली ती तिथलीच झाली. ओहोटीला या टोकाकडून त्या टोकाकडे, भरतीला परत. मातीला कान लावायची, चिमूटभर जिभेवर ठेवून बघायची. तिसऱ्या वर्षी तिने लोकांना दगड काढायला लावले, पेंढा आणि चिखल तुडवून भगदाड बुजवून घेतलं, आणि शेतं हळूहळू पुन्हा पिकू लागली. तरी ती थांबली नाही. आणखी नऊ वर्षं तशीच फिरत राहिली. असं म्हणतात, की तिच्या पावलांनी बांध वीतभर खचला आणि तिने तो ओंजळी ओंजळीने परत वर आणला. असं म्हणतात, की कुर्ली कुठे बीळ पाडणार हे कुर्लीच्या आधी दुर्पदीला कळायचं. खरंखोटं बघायला मी नव्हतो, पण त्या वर्षांत एकदाही बांध फुटला नाही, एवढं सगळी घरं एकमुखाने सांगतात. त्या घरांचं दुसऱ्या कशावर एकमत झालेलं मी ऐकलेलं नाही.

गाव निर्धास्त झालं. दुर्पदी मात्र निर्धास्त नव्हती. माडावरून पडलेला घनू तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. तिने ठरवलं, की हे मरताना सांगायचं नाही, जगतानाच सांगायचं, आणि एकाला नाही, ज्याला कान आहेत त्या सगळ्यांना. ती घरोघर गेली. लोकांनी पाट मांडला, गूळपाणी दिलं, आणि हसून म्हणाले, "काकी, तू आसस मा? मगे आमका कित्याक हो ताप?"

पुढे पुढे लोक तिच्या दारात नारळ ठेवू लागले. पाया पडू लागले. दुर्पदी खवळायची. "नारळ नको माका! बसा नी आयका!" लोक आणखी वाकून नमस्कार करायचे आणि निघून जायचे. देव करून ठेवलेल्या माणसाशी कोण गप्पा मारतं? तिच्या अंगणात नारळांचा ढीग लागला आणि बोलायला एक माणूस नव्हतं. फार एकटी होती ती, बरं का. ज्याला काही माहीत नाही तो चारचौघांत बसू शकतो. तिला ते जमेना, कारण चारचौघांत सगळे हसत असताना तिला पाणी कुठे झिरपतंय ते ऐकू यायचं.

शेवटी ती बगळ्यांना सांगू लागली. बांधावर उभी राहून एकेका पेराचं सगळं मोठ्याने सांगायची. असं म्हणतात, की बगळे ओळीने बसून ऐकायचे, आणि तिचं सांगून होईपर्यंत एकही माशाला चोच मारायचा नाही.

अशीच सांगत सांगत ती एक दिवस शेवटच्या पेरावर आली आणि थांबली. पुढचं आठवेना. माती चाखली, कान लावला. काही नाही. कालपर्यंत होतं, आज नव्हतं. दुर्पदी तिथेच मटकन खाली बसली आणि रडली. स्वतःसाठी नव्हे. एक गेलं, आता एकेक करून बाकीचीही जाणार, आणि गावाला त्याचा पत्ताही नाही, म्हणून रडली.

चार दिवसांनी मोठं उधाण आलं, भर दुपारचं. दर उधाणाला दुर्पदी बांधावर धावताना दिसायची. त्या दिवशी ती बांधाच्या मधोमध हात बांधून बसून राहिली. गावचा मानकरी रवळू गावकर घाईघाईने चालत आला.

"काकी, ऊठ गो! पाणी चढता हा!"

"चढांदे."

"अगो, शेतां जातली!"

"जावंदेत. आज मी उठतलंय, उद्या कोण उठतलो? सगळ्यांका हाड. दर घरातलो एक माणूस बांधार उभो कर. मगे मी उठतंय."

रवळू आयुष्यात पहिल्यांदा पळाला, असं म्हणतात. घराघरांतून माणसं आली. बाया आल्या, म्हातारे आले, भाताचे हात तसेच घेऊन आले. प्रत्येक पेरावर एक माणूस उभा राहिला. मग दुर्पदी उठली. पहिल्या पेरापाशी गेली आणि तिथल्या माणसाला त्या पेराचं सगळं सांगितलं. त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. तो चुकला तर पुन्हा सांगितलं. मग दुसरं, मग तिसरं. पाणी बांधाच्या माथ्याशी आलं होतं. असं म्हणतात, की ते माथ्याच्या बोटभर खालीच थांबलं, आणि तिचं सांगणं चाललं होतं तोवर खाडीने श्वास रोखून धरला.

अडतीस पेरं झाली. एकोणचाळिसाव्यावर, दुर्पदीच्या घरच्या माणसाच्या जागी, रवळू स्वतः उभा होता. त्याने मान वाकवून कान पुढे केला. दुर्पदीने चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मग म्हणाली, "हय काय आसा ता माका आठवणा नाय, रवळू. माझ्यावांगडा तू आयक."

ती बांधावर आडवी झाली आणि तिने मातीला कान लावला. रवळूही तिच्या शेजारी आडवा झाला. इतक्या वर्षांत तिच्या शेजारी कान लावणारा तो पहिलाच माणूस. पाणी उतरू लागलं. उतरता उतरता संध्याकाळ झाली. रवळूने हळूच विचारलं, "काकी, काय आयकाक इला?" दुर्पदी बोलली नाही. ती गेली होती. तिच्या तोंडावर हसू होतं असं म्हणतात, आणि हे मात्र मी खरं मानतो.

खारवळीत आजही बांधावर कुणी एकटं जात नाही. दोघांनी जायचं, एक जाणता आणि एक नेणता. नेणता पुढे चालतो, जाणता मागे, म्हणजे पुढच्याला मान वळवून विचारावंच लागतं. दर उधाणाला प्रत्येक घर आपलं पेर शेजारच्या घराला सांगतं आणि एक पेर पुढे सरकतं. असं फिरत फिरत प्रत्येक घराला शेवटचं पेर सोडून सगळा बांध ठाऊक झाला आहे. नारळ कुणी ठेवत नाही. आणि जोडी एकोणचाळिसाव्या पेरावर पोचली, की जाणता मोठ्याने म्हणतो, "हय माका ठावक नाय." मग दोघंही शेजारी शेजारी आडवी होतात आणि मातीला कान लावतात.