विचारून सांगतो

एकदा एका सूतगिरणीतल्या कामगारांनी आपल्यातल्याच एका तरुणाला प्रतिनिधी म्हणून निवडले. गावातले एक वृद्ध वकील अशा प्रतिनिधींना कायदा शिकवीत. तरुण थोडे दिवस त्यांच्याकडे गेला, चार कलमे तोंडपाठ झाली, आणि स्वारी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली. पुढे त्याने तिकडे पाऊल टाकले नाही.

अशात गिरणीतल्याच सगुणाबाईंवर चौकशी बसली. शेजारी काम करणारी बाई चक्कर येऊन पडली म्हणून त्या चालू यंत्र सोडून धावल्या, आणि इकडे माल खराब झाला. "काय बोलू रे बाबा?" त्यांनी विचारले. तरुणाला ठाऊक नव्हते; पण चारचौघांत तसे म्हणायचे कसे? झाकली मूठ सव्वा लाखाची! तो म्हणाला, "चुकलं म्हणा, मावशी, मिटून जाईल." घरची भांडणे अशीच मिटतात. चौकशीत मात्र त्या एका शब्दाची कबुली झाली, आणि 'कामावरून का काढू नये' अशी नोटीस सगुणाबाईंच्या हाती पडली.

शरमेने काळवंडलेला तरुण वृद्धांच्या दारी आला. "गुरुजी, आता काही करता येईल?"

वृद्धांनी चपला घातल्या आणि त्याला घेऊन ते एका तरुण वकीलबाईंकडे गेले. ती त्यांचीच जुनी शिष्या. सारी हकीकत सांगून ते म्हणाले, "अगं, इथे मला नक्की ठाऊक नाही. तू सांगशील?"

ती म्हणाली, "नोटिशीच्या उत्तरात खरं कारण मांडा, चक्कर आलेल्या बाईंची साक्ष मागा. खात्री देत नाही, पण दार अजून बंद झालेलं नाही."

परतताना तरुणाने विचारले, "शिष्येला विचारताना तुम्हाला संकोच नाही वाटला?"

"वाटला ना! दर वेळी वाटतो. पण माझी लाज मी सोसली. तू तुझी वाचवलीस, आणि ती सगुणाबाईंना सोसावी लागली. अरे, कायदा बदलतो, माणूस विसरतो. शिकवलेली कलमं गेली तरी चालतील. विचारायला येणं सोडू नकोस."

तरुण तडक सगुणाबाईंच्या घरी गेला. ओसरीवर गिरणीतली माणसे बसली होती. त्या सर्वांदेखत तो म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. मला ठाऊक नव्हतं, तरी सांगितलं."

नोटीस त्याच्यापुढे सरकवत सगुणाबाई म्हणाल्या, "आणि आता?"

"आता विचारून आलोय," तो म्हणाला. मान मात्र त्याला वर करवली नाही.