इनामदारांनी घण उचलला

भाविकहो, कांबळगिरी महाराज खडकओहोळ गावी मारुतीच्या पारावर उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट. गावात पाण्याचे दुर्भिक्ष. बायाबापड्या घागरी घेऊन कोसभर पायपीट करीत. महाराजांच्या सांगण्यावरून विहीर खणायला घेतली आणि काम मिळाले यल्लप्पा वडाराला. त्याचे बिऱ्हाड म्हणजे माळावरचे फाटके पाल, बायको तिमव्वा आणि दोन लेकरे.

खाली काळा कातळ लागला. यल्लप्पा घणाचे चार घाव घाली आणि कातळाला कान लावून पडून राही. गावचे इनामदार दाजीबा काठावरून हसत. "बघा, झोपला! उगाच का अंगावर चिंध्या आहेत यांच्या? हाडातच आळस मुरलेला!"

"झोपत न्हाई, मालक. चीर कुठं गेलीया ते आवाजावरनं कळतं," यल्लप्पा म्हणाला.

"वा रे वा! आता धोंडेही बोलायला लागले! सांजेच्या आत पाल उचल आणि चालू लाग."

तिमव्वाने हे ऐकले. ऐन वैशाखात लेकरे घेऊन जायचे कुठे? ती धावत पाराकडे गेली. तिचे रडे ऐकताच महाराज घोंगडे सावरत उठले.

इकडे दाजीबा यल्लप्पाला वर काढून, इरेला पेटून, स्वतःच घण घेऊन विहिरीत उतरले. यल्लप्पा काठावरून ओरडला, "तिथं घाव नका घालू, मालक! वरचा कडा सुटंल!" पण ऐकतील तर ते इनामदार कसले! घाव बसला आणि बैलाएवढा धोंडा निसटला, थेट त्यांच्या डोक्यावर!

"थांब रे बाबा!" काठावर पोचलेल्या महाराजांनी हात उचलला. आणि काय सांगू मंडळी, धोंडा अधांतरी थांबला! सारा गाव जागच्या जागी थिजला. हलला एकटा यल्लप्पा. सरसर खाली उतरून तो धोंड्याखाली शिरला आणि त्याने दाजीबांना ओढून बाजूला घेतले. महाराजांनी हात खाली केला. धोंडा कोसळला, कातळ फुटला आणि पाणी उसळले!

दाजीबा वर आले ते रडतच. त्यांनी महाराजांचे पाय धरले. महाराज म्हणाले, "मी तर काठावर उभा होतो रे. धोंड्याखाली कोण शिरलं?"

दाजीबा उठले. पहिली घागर त्यांनी स्वतः शेंदली, तिमव्वाच्या मडक्यात ओतली आणि भर गावात यल्लप्पापुढे डोके टेकले. "रोज तू राबत होतास आणि मी तुला आळशी म्हणत होतो. चुकलो, दादा!"

यल्लप्पा बिचारा कावराबावरा होऊन पाय मागे घेऊ लागला. महाराज हसून म्हणाले, "राहू दे रे. त्याला आज पहिल्यांदाच तू दिसला आहेस."