सातव्या रकान्याची कहाणी

विषय: श्रीमती द्वारकाबाई नेवाळे, वय एक्याऐंशी, यांना घरपोच वेदनाशामक औषध मिळण्याबाबत.
संदर्भ: अर्जदाराचे अर्ज पहिला, दुसरा व तिसरा.

उपरोक्त विषयाची कहाणी अशी आहे. हातात अक्षता घ्या, फोन खाली ठेवा आणि ऐका.

आटपाट गाव होतं. नगर म्हणावं एवढं मोठं नव्हतं, पण नगरपालिका होती, तेव्हा नगर म्हणायला हरकत नाही. तिथं भालचंद्र नेवाळे राहत होता. त्याची आई द्वारकाबाई, बायको कुंदा. द्वारकाबाईंच्या हाडांत कर्करोग उतरला. मोठ्या दवाखान्यात नेलं. मोठ्या डॉक्टरांनी भालचंद्राला आणि कुंदाला बाजूला घेतलं, म्हणाले, आता आमच्याकडं करण्यासारखं काही नाही, घरी न्या. भालचंद्रानं त्यातलं "घरी न्या" एवढंच ऐकलं आणि आई सुधारली असं सगळ्यांना कळवलं.

मग नातलग आले. पहिला म्हणाला, "रंग उजळलाय." दुसरा म्हणाला, "चेहऱ्यावर तेज आलंय." तिसरा म्हणाला, "येत्या गौरींना पुरण तुम्हीच शिजवायचं." चहा प्याले आणि गेले. म्हातारीनं पदर दातांत धरला. कुणी कसं आहे विचारलं की म्हणायची, "बरी आहे." सात दिवस म्हणाली, चौदा दिवस म्हणाली. एकविसाव्या दिवशी कुंदा तिचं अंग पुसायला गेली, तो पदराला दातांची भोकं.

मग ती उठली, आरोग्य उपकेंद्रात गेली. तिथं शेवंता आशाताई बसली होती. गावातली बाळंतपणं, पोरांच्या लशी, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, सगळं तिच्या एका पिशवीत. कुंदा म्हणाली, "बाई, बाई, मला काही वसा सांगा."

"तुला कशाला वसा? घेशील, आणि नणंदेचा फोन आला की टाकशील."

"टाकायची नाही."

"मग ऐक. रोज तीन वेळा सासूजवळ बसायचं. उभ्यानं विचारायचं नाही, उभ्या माणसाला सगळे बरी आहे म्हणूनच सांगतात. कुठं दुखतं, दहातलं किती दुखतं, विचारायचं आणि वहीत लिहायचं. बऱ्या व्हाल असं म्हणायचं नाही. तिनं काही विचारलं तर खोटं सांगायचं नाही. मग सरकारी दवाखान्यात अर्ज करायचा. पथक घरी येतं, मॉर्फिनची गोळी देतं."

"त्यानं काय होतं?"

"रोग जात नाही. दुखणं हलकं होतं. म्हातारी पदर सोडते."

मग कुंदा घरी आली, खाटेजवळ पाट घेऊन बसली. सकाळी विचारलं. "बरी आहे." दुपारी विचारलं. "बरी आहे गं, जा तू." संध्याकाळी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत बसून राहिली. मग म्हातारी म्हणाली, "कंबरेत कुणी पहार घालतंय."

"आधी का नाही सांगितलंत?"

"आधी बसलं होतं कोण?"

कुंदानं वहीत नऊ लिहिलं. मग अर्ज आणला. सहा रकाने भरले. सातवा रकाना असा होता: "आशा: आहे / नाही. नको ते खोडावे." भालचंद्रानं वाचलं. आपल्या आईबद्दल "नाही" कुणाला हवं असतं? सूचनेप्रमाणे नको ते खोडलं. अर्ज परत आला. शेरा होता: "आशा असल्याने मोठ्या दवाखान्याकडे जावे. रकाना सात पुन्हा पाहावा."

मग दोघांनी रकाना पुन्हा पाहिला. भालचंद्र म्हणाला, "अगं, आशा म्हणजे आशाताई असणार. आपल्याकडं येते का, असं विचारतायत." कुंदालाही ते पटलं. पटवून घ्यायला सोपंही होतं. त्यानं लिहिलं, "आहे. सौ. शेवंता शिंगाडे. रोज येतात." अर्ज परत आला. शेरा होता: "आशेचे नाव विचारलेले नाही."

तोवर आठ दिवस गेले होते. म्हातारीनं जेवण सोडलं. कूस बदलायची तर कुंदाचं मनगट धरायची, मनगटावर नखं उठायची. मग कुंदा नवऱ्याला म्हणाली, "आता 'नाही' लिहा."

"माझ्या हातानं नाही लिहिणार. तुला लिहायचं तर लिही." असं म्हणून तो ओसरीवर जाऊन बसला.

इतक्यात नणंदेचा, शालनचा, फोन आला. ती म्हणाली, "वहिनी, दादा सांगत होता. आई बरी होत असताना तुम्हांला आशा नाही म्हणून लिहायचंय म्हणे. खोलीची एवढी घाई झालीय?"

कुंदा म्हणाली, "वन्सं, या आणि एक दिवस खाटेजवळ बसा." फोन ठेवला. लिहावं तर जन्मभर हीच ती सून, सासूवर काट मारणारी. न लिहावं तर पुढच्या खोलीतून कण्हणं ऐकायचं. तिनं पेन "आहे" या शब्दावर टेकवलं. पेन पुढं जाईना.

"कसला गं कागद?" खाटेवरनं आवाज आला.

खोटं सांगायची सोय नव्हती. वसा घेतला होता. कुंदा पाटावर बसली आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, रकाना काय विचारतो ते. सांगून झाल्यावर तिला मान वर करवेना.

द्वारकाबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं? मला वाटलं, तुम्हांलाच ठाऊक नाही. म्हणून मी बरी आहे, बरी आहे करत बसले. भालू लहानपणापासनं हळवा."

"आई, मी लिहिलं तर लोक..."

"लोकांच्या कंबरेत आहे का पहार? आण इकडं."

कुंदानं पाठीला हात दिला, उशी लावली. म्हातारी चौथीपर्यंत शिकलेली. तिनं "आहे" या शब्दावर आडवी रेघ ओढली. मग समासात, जागा नसताना, लिहिलं, "आशा नाही. दुखणं आहे. लवकर यावे."

कुंदानं मान वर केली तर भालचंद्र दारात उभा. कधी आला कुणास ठाऊक. त्यानं कागद घेतला, वाचला. "आई, समासात लिहायचं नसतं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मग खाली बसला आणि सही केली. नेहमीसारखी आली नाही, पण आली.

अर्ज दाखल झाला. कारकुनानं रकाना सात तपासला, समासाबद्दल कुरकुर केली, शिक्का मारला, आवक क्रमांक दिला. म्हणाला, मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली ज्या डॉक्टरांकडं, ते प्रशिक्षणाला गेलेत, सोमवारी या. सोमवारी डॉक्टर आले. कागद टेबलावर आहे, असं सांगण्यात आलं. वहीत सोमवारी सकाळी नऊ, दुपारी नऊ, संध्याकाळी दहा. भालचंद्र आता दुपारच्या वेळेला बसतो. घरात "बरी आहे" कुणी म्हणत नाही.

जसं द्वारकाबाईंना कुणी बसून विचारलं, तसं तुम्हांआम्हांला विचारो. जशी कुंदाला खरं सांगायची छाती झाली, तशी आपल्या लेकीसुनांना, आणि जमल्यास लेकांनाही, होवो. औषधाचं फळ मात्र आज मागू नये. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत पुरी व्हायची होती. चार आली, पाचवं कार्यालयाकडून यायचं आहे. अर्ज प्रलंबित आहे.