गुणगुणणारे केस

एकदा काय झालं, डोंगरापल्याडच्या राज्यात सौदामिनी नावाची राजकन्या होती. तिचे केस गुणगुणायचे. खरंच, बरं का! जरा वारा सुटला की केस गायला लागायचे, आणि पाळण्यातला तिचा धाकटा भाऊ गाढ झोपायचा.

पण त्या घराण्याची एक रीत होती. मोठ्यांनी डोक्याला लावलेलं धुवायचं नाही. आशीर्वाद वाहून जातो म्हणे!

मग आली मोठी आत्या. तिने एरंडेल थापलं. केसांचा आवाज बसला. मग मधली आली. "तेलानं काय होतंय?" म्हणत तिने वर जास्वंदीचा लेप चढवला. केस घोगरे झाले. मग धाकटी आली. तिने त्यावर सुगंधी मेण चोळलं. केस गप्पच!

बाळ रडायला लागलं. काही केल्या झोपेना. रडून रडून त्याचा घसा सुकला.

सौदामिनी गोंधळली. एवढं सगळं लावलं, तरी केस गप्प का? काही लावायचं राहिलं का? मोठी म्हणाली, "आणखी तेल घाल." मधली म्हणाली, "लेप पातळ झाला." धाकटी म्हणाली, "मेणच कमी पडलं." आता ऐकायचं कुणाचं?

ती वैतागून बागेत जाऊन बसली. इतक्यात एक चिमणी तिच्या डोक्यावर बसली, आणि चिकटली की हो! सौदामिनीने तिला सोडवलं, पण पंख मेणाने माखलेले. उडता येईना.

मग तिने कपडे धुवायचा खार आणला. बोटाला लावून पाहिला, तर बोट चरचरलं. "छे! चिमणी सोलून निघेल." मग तिने रिठे भिजवले, कोमट पाण्यात चोळले. मऊ फेस आला. त्यात आणखी पाणी घालून तिने हलक्या हाताने पंख धुतले. पंख वाळले आणि चिमणी भुर्रकन उडाली!

सौदामिनी बघतच राहिली. हिला तर मी काहीच लावलं नाही. लागलेलं फक्त काढलं!

तिने आणखी रिठे चोळले. फेस झोंबू नये म्हणून डोळे घट्ट मिटले, आणि तांब्या डोक्यावर ओतला.

आत्या धावल्या. "अगं कार्टे, आशीर्वाद चालले वाहून!"

"आत्या, आशीर्वाद तेलकट असतो का गं?"

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मग पहिल्या पाण्यात मेण गेलं. दुसऱ्या पाण्यात लेप गेला. तिसऱ्या पाण्यात तेल गेलं. केस वाळले, वारा आला... हुं... हुं... बाळ झोपलं. मोठी आत्या झोपली. मधली झोपली. धाकटी तर उभ्याउभ्याच झोपली!

पुढे आत्या तेल लावायच्या, पण धुवायलाही द्यायच्या. सगळे मजेत राहिले.

आता तुम्हीही डोळे मिटा बघू, रिठा झोंबेल. घट्ट. हुं... हुं...